अर्ध्या खळ्यावर बैल वळत नाही

टिपणीस ओव्हरसियर सायकलवरून पडले, त्यात सायकलचा काही दोष नव्हता. दोष उताराचा होता, असं ते स्वतः पुढे सांगत. पण तो उतार तिथे त्यांच्या जन्माआधीपासून होता आणि भरल्या बैलगाड्या त्यावरून रोज न पडता उतरत होत्या. खरं सांगायचं तर कार्तिकातल्या त्या सकाळी टिपणीस एका हाताने हँडल आणि दुसऱ्या हाताने फक्कीचा डबा सांभाळत, मान मागे वळवून, आपणच ठोकलेल्या खुंट्या एका रेषेत दिसतात की नाही ते बघत रनाळ्यात शिरत होते. खुंट्या रेषेत होत्या. सायकल नव्हती. ती रस्ता सोडून डावीकडे गेली, एका ओल्या, गुळगुळीत, हिरवट जागेवर चढली आणि मधोमध रोवलेल्या लाकडी मेढीला जाऊन भिडली. साहेब एकीकडे, साहेबांची सोला टोपी दुसरीकडे आणि फक्की सगळीकडे.

टिपणिसांनी डोळे उघडले तेव्हा कोपरापर्यंत शेणाने माखलेल्या चार-पाच बायका त्यांच्याकडे बघत उभ्या होत्या. त्यातली एक पुढे आली. उंच, सावळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, पदर कमरेला खोचलेला.

"सायेब, लागनं का?"

"नाही," टिपणीस म्हणाले. लागलं होतं, पण जागा सांगण्यासारखी नव्हती.

"मंग बूट काढा."

ही कौसाबाई. आणि ती हिरवट जागा म्हणजे तिचं खळं. पाऊस संपला की जमीन धुमसाने ठोकून, शेणाने सारवून, मधे मेढ रोवून तयार केलेलं. त्या मेढीभोवती बैलांची पात गोल गोल फिरायची, पायाखाली कणसं तुडवली जायची आणि घराचं वर्षाचं धान्य मोकळं व्हायचं. अशा जागेवर पायताण घालून चढायचं नाही, हे रनाळ्यात तान्ह्या पोरालाही कळत होतं. टिपणीस पेणचे. त्यांनी निमूट बूट काढले आणि हातात घेऊन बाजूला जाऊ लागले.

"कोठे चालनात?" कौसाबाई म्हणाली. "ज्यानी उखाडं त्यानीच सारावानं. असा आमना खळाना रिवाज शे."

टिपणिसांना वाटलं, बाई थट्टा करते आहे. बाई थट्टा करत नव्हती. तिने शेणाची पाटी त्यांच्यापुढे सरकवली. सरकारी खाकी विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडून त्यांनी सायकलच्या चाकाची रेघ आणि स्वतःच्या देहाचा ठसा सारवून काढला. बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. पदर पुरले नाहीत. साहेबांनी सारवलेला तुकडा पुढे महिनाभर लांबून ओळखू यायचा. तेवढाच गोगलगाय फिरून गेल्यासारखा दिसे.

ते हात धुऊन निघाले तर कौसाबाईने घरातून ओंजळभर बाजरी आणली आणि त्यांच्या उलट्या टोपीत ओतली. "खळावरथून कोनी रिकामं जात नही," ती म्हणाली. मग फक्कीने पांढऱ्या झालेल्या एका खुंटीकडे बोट दाखवून सहज विचारलं, "आनि हाई खुंटी कसानी शे?"

धान्याने भरलेली टोपी दोन्ही हातांत धरून सरकारी हुकूम सांगणं फार अवघड असतं. पण टिपणिसांना तो सांगावा लागला.

"रस्ता रुंद होणार आहे, मावशी. मोटारी वाढल्या. समोरासमोर दोन आल्या तर एकीला शेतात उतरावं लागतं."

"चांगलं व्हई. मन्ही पोर धुळाले शे. मोटारमा लवकर इ जाई." कौसाबाई खरंच खूश झाली. मग तिने पुन्हा खुंटीकडे बघितलं. "पन खुंटी मन्हा खळामा कसाले?"

"रुंदी या बाजूने घेतली आहे."

"सगळी?"

"सगळी."

"आनि त्या बाजूथून?"

त्या बाजूला रतिलाल शेठांचं दुकान होतं आणि दुकानापुढे रस्त्याला लागून लांबरुंद ओटा. ओट्याला शहाबादी फरशी, फरशीवर गादी, गादीवर तक्क्या आणि तक्क्याला टेकून स्वतः शेठ. नंदुरबार–धुळे सर्व्हिस मोटारीत त्यांची अर्धी भागी होती.

"तिकडे ओटा आहे," टिपणीस म्हणाले. "पक्कं बांधकाम शक्यतो पाडत नाहीत. कच्चं असेल ते घेतात. तसा नियमच आहे."

कौसाबाईने खळ्यावर टाच आपटली. "हाई कच्चं शे? तुम्ही पडनात तव्हय कच्चं लागनं का पक्कं?"

टिपणिसांचा हात नकळत कमरेकडे गेला. बायका पुन्हा हसल्या आणि या वेळी पदराचीही तसदी घेतली नाही.

कौसाबाई शहाद्याकडची. लग्न होऊन रनाळ्यात आली तेव्हा नवरा भाईदास इतका कमी बोलणारा निघाला की त्याच्या वाट्याचं बोलणंही तिने स्वतःकडे घेतलं, आणि दोघांचा संसार सुखाचा झाला. खळं तिचं एकटीचं नव्हतं. चार-पाच घरांचं सामाईक होतं. गावाची बाकी सगळी जमीन काळी. पाऊस पडला की लोणी, ऊन पडलं की भेगा, आणि भेगेत गेलेला दाणा उंदराचा. रस्त्याकडेचा तो एवढाच उंचवटा मुरमाचा, टणक. म्हणून त्या खळ्यावर पहिली पात कोणाची यावरून दर वर्षी भांडणं व्हायची, डोकी फुटायची. कौसाबाईने आल्यापासून दुसऱ्याच वर्षी ती मिटवली. गेल्या साली जो शेवटी होता तो यंदा पहिला, आणि पहिला होता तो शेवटी. पुढच्या साली तिचं स्वतःचं घर शेवटी आलं. अवकाळीचे ढग भरून आले होते, भाईदास आभाळाकडे बघत होता, दीर कुरकुरत होता. पण बाई ताडपत्री घेऊन कणसांवर बसून राहिली आणि स्वतःचा नंबर येईपर्यंत हलली नाही. तेव्हापासून खळ्यावर तिचा शब्द चाले. चौकशीला आलेल्या फौजदारालाही तिने मोज्यांवर उभं करून पाणी पाजलं होतं.

टिपणिसांनी टोपीतल्या बाजरीची भाकरी करवून खाल्ली. ती त्यांना जड गेली. दोन दिवसांनी त्यांनी वरच्या साहेबांना लिहिलं, बरीच विनवणी केली, आणि मोठ्या खटपटीने एक सवलत पदरात पाडून घेतली. ती सांगायला ते सायकल हातात धरून, चालत, अगदी जपून रनाळ्यात आले.

"मावशी, काम झालं. वळण थोडं सरकवलं. अर्धं खळं वाचलं."

"अर्धं?"

"चांगलं अर्धं."

कौसाबाईने त्यांच्याकडे बघितलं, एखाद्या आजारी माणसाकडे बघावं तसं. "सायेब, तुम्ही बैल पाह्यना शे ना?"

"म्हणजे काय."

"त्या अर्धा खळामा कसा वळी?"

टिपणिसांना राग आला. एवढं करून बाईला त्याचं काही नाही, असं वाटलं. ते परत फिरले. बाजरीची मळणी उरकेपर्यंत तेवढे थांबले, मग गाड्या आल्या, खडी आली, मुरूम आला, दगडी रूळ आला. पौषात खळ्याची मेढ उपटली गेली. उरलेलं अर्धं खळं रस्त्याच्या कडेला, कोणी मोडून ठेवलेल्या भाकरीसारखं पडून राहिलं.

रतिलाल शेठ तसे वाईट नव्हते. त्यांनी ओट्यावरूनच हाक मारली. "कौसा, तू काय फिकर करू नको. यंदा तुन्ही दादर ज्वारी मन्हा मांगला आंगनमा काढी ले."

"आनि पार्वतीनी? तिन्हं बी खळं गयं ना."

"पार्वतीनी माले काय माहीत?"

"मंग माले बी माहीत नही," म्हणून कौसाबाई पाणी भरायला गेली.

रस्ता मात्र झाला देखणा. टणक, सपाट, उन्हात चमकणारा. आणि त्यावरून जामसिंग ड्रायव्हरची मोटार जी सुटली ती विचारू नका. जामसिंग मनाने भला, पायाने जड. तो भोंगा दाबत गावात शिरला की मागे उठलेली धूळ त्याच्या दोंडाईच्याला पोहोचण्याच्या सुमारास खाली बसायची. ती बसायची कुठे, तर रस्त्याच्या डावीकडे. वारा तिकडेच वाहणारा. पाण्याच्या हंड्यात, वाळत घातलेल्या मिरचीवर, भाकरीच्या पिठात. शेठांच्या ओट्याला कनातीचा पडदा होता. रनाळ्याच्या कोंबड्यांनी रस्ता ओलांडायचं सोडून दिलं आणि बायका पोरांना काखेत मारून ओलांडू लागल्या.

फाल्गुनात दादर आली. दादर म्हणजे रब्बीची ज्वारी. खानदेशचा जीव तिच्यात. शेतं कापून झाली, कणसांचे ढीग लागले, आणि मळायला जागा नव्हती. पहिली पात यंदा पार्वतीबाईच्या घराची, आणि पार्वतीबाई डोक्याला हात लावून बसलेली.

एका सकाळी जामसिंग नेहमीप्रमाणे उतारावरून सुटला आणि त्याने जन्मात लावला नव्हता एवढा जोरात ब्रेक लावला. रस्त्यावर, जिथे खळं होतं बरोबर तिथे, या कडेपासून त्या कडेपर्यंत दादरीची कणसं पसरलेली. शेजारी दाताळं घेऊन कौसाबाई.

"कौसा माय, वाट दे."

"वाट कोन रोकं? चालाव ना. धीरे चालाव. जोरमा चालावशी त दाना फुटी."

"माय, हाई मोटार शे. बैल नही."

"चाकं त गोलच शेतस ना तिन्हा? चालाव."

जामसिंगने मोटार मुंगीच्या पावलांनी पुढे घेतली. चाकाखाली कणसं चुरचुरली. गंमत बघायला उतारू खाली उतरू लागले, तर कौसाबाई दाताळं उगारून धावली. "बठी ऱ्हा, बठी ऱ्हा. तुम्हनं वजन कामनं शे." दोंडाईच्याच्या एका कापसाच्या जिनातले जाडजूड मुनीम दारात पाय टाकून उभे होते; त्यांना तिने हाताला धरून परत आत बसवलं आणि मागच्या चाकावर सरकायला सांगितलं. मोटार पार झाली. कौसाबाईने मूठभर कणसं उचलून चोळली, फुंकली. दाणा सुटला होता, पांढरा, अख्खा, मोत्यासारखा.

मग रिवाज तो रिवाज. खळ्यावरून रिकामं कोणी जायचं नाही. मोटारीतल्या एकेकाच्या ओंजळीत तिने दादर घातली. मुनिमांना दोन ओंजळी.

दुसऱ्या दिवशी उतारू छोट्या पिशव्या घेऊन आले. तिसऱ्या दिवसापासून जामसिंगलाही त्यात रस वाटू लागला. एकदा पुढे जाऊन त्याचं समाधान होईना. तो मोटार मागे घ्यायचा, खिडकीतून वाकून बघायचा, म्हणायचा, "माय, त्या कोपरामा ऱ्हाई गयं," आणि पुन्हा पुढे घ्यायचा. आठवड्यात पार्वतीबाईची दादर घरात पडली आणि पुढच्या घराचा नंबर लागला. रनाळ्यातून मोटारी बैलाच्या चालीने जाऊ लागल्या. धूळ उठेना. कोंबड्या पुन्हा पलीकडे दिसू लागल्या.

बिघडलं फक्त एका ठिकाणी. शेठांच्या कापसाचा व्यापारी नंदुरबारला जाताना मोटारीत बसला, दादर मळून मोटार पोहोचेपर्यंत सुरतेची आगगाडी निघून गेली, आणि तो शेठांना मनाला येईल ते बोलला. शेठांनी टिपणिसांना सांगावा धाडला.

टिपणीस त्याच मोटारीतून आले, पुढच्या सीटवर, चेहरा कडक करून. कणसांपाशी मोटार मंदावली. कौसाबाईने आत डोकावून बघितलं. "रामराम सायेब. बठी ऱ्हा, वजन ऱ्हाऊ द्या."

"थांबव रे," टिपणीस जामसिंगला म्हणाले. दार उघडून पाय खाली टाकणार तोच त्यांची नजर कणसांवर गेली आणि मग स्वतःच्या पायांकडे. ते परत आत बसले, नाड्या सोडल्या, बूट काढले आणि अनवाणी खाली उतरले. सरकारी रस्त्यावर सरकारी माणूस अनवाणी उभा राहिला. मोटारीतून कौतुकाची कुजबुज झाली.

"मावशी, रस्त्यावर खळं करायला मनाई आहे."

"खळावर रस्ता कराले नही व्हती का?"

मुनीम खिडकीतून म्हणाले, "बरोबर शे." शेठ धोतर सावरत ओट्यावरून उतरून आले.

टिपणिसांनी कणसांकडे बोट दाखवलं. "हे बघा. रस्त्यावर पडलेली, वाहतुकीला अडवणारी कुठलीही वस्तू म्हणजे अडथळा. अडथळा काढलाच पाहिजे."

"काढस," कौसाबाई म्हणाली. "पन त्या पहिले काढा." तिने दाताळ्याने दाखवलं. ओट्याला लागून, पार रस्त्यावर, शेठांच्या कापसाच्या गासड्या एकावर एक रचलेल्या. टिपणीस कित्येक महिने त्यांना वळसा घालून जात होते. झाडाला घालावा तसा. आज त्या त्यांना पहिल्यांदाच दिसल्या.

"त्या काय, आते उचलतस," शेठ म्हणाले.

"शेठ, त्या दिवाळीथून आते उचलतस."

मोटारीत हशा झाला. शेठांच्याही मिशा हलल्या, पण त्यांनी सावरल्या. "कौसा, हाई बरं नही. रस्ता सगळासना शे."

"तेच त सांगी ऱ्हायनू," कौसाबाई म्हणाली, आणि आता तिचा आवाज उतरला. "रस्ता सगळासना, मोटार तुम्हनी, धूळ मन्ही आनि जागा बी मन्हीच. रस्ता मोडा असं कोन म्हनं? मन्ही पोर दोनदा येईसनी गयी या मोटारमा. पन जो रस्तावरथून जास त्यानी थोडं थोडं द्यावानं ना?"

"तुमचं अर्धं खळं ठेवलंय की," टिपणीस म्हणाले.

"सायेब, ओटा अर्धा तोडा, त ओटाच ऱ्हास. शेठले बठता येस. खळं अर्धं तोडं, त खळं ऱ्हात नही. बैल अर्धामा वळत नही. आते सांगा, कोना अर्धा लेवाना?"

टिपणीस अनवाणी चालत कडेच्या उरलेल्या अर्ध्या खळ्यावर गेले आणि मेढ होती तिथे उभे राहून, मनातल्या मनात बैल होऊन, वळून बघू लागले. रस्त्याची कड आली. पुन्हा वळले. पुन्हा कड. सगळी मोटार श्वास रोखून बघत होती.

मग ते रस्ता ओलांडून शेठांच्या ओट्यावर चढले, गादी मागे सरकवली, तक्क्या मागे सरकवला आणि शेठांना म्हणाले, "शेठजी, जरा इथे बसून दाखवता?"

"कसाले?"

"बसा तर."

शेठ बसले. सगळ्यांनी त्यांच्या घेराकडे बघितलं, मग ओट्याच्या मागच्या अर्ध्याकडे, मग पुन्हा घेराकडे. शेठ मावले. थोडी जागाही उरली.

"मावी गया," जामसिंगने जाहीर केलं.

आता मात्र शेठ स्वतःच हसत सुटले, पोट हलेपर्यंत. व्यापारी माणूस. फाल्गुन अजून बराच शिल्लक होता, दादरीची तीन घरं बाकी होती, आणि रोजची आगगाडी चुकण्यापेक्षा ओट्याची फरशी स्वस्त, हा हिशेब त्यांच्या डोक्यात केव्हाच होऊन गेला होता. "ल्या, तोडा," ते म्हणाले. "तक्क्या ल्हाना करी टाकसु."

टिपणिसांनी वर लिहिलं की स्थानिक लोकांच्या संमतीने रस्त्याचं वळण बदलत आहे. तक्रार कोणाचीच नसली की कचेरीलाही मंजुरी द्यायला अवघड जात नाही. पावसाआधी ओट्याचा पुढचा भाग निघाला, रस्ता तिकडे सरकला आणि खळ्याचा गोल पुरा झाला. रनाळ्यापाशी रस्त्याला जो एक विनाकारण वाटणारा बाक आला, तो असा. त्या बाकावर जामसिंगला गाडी हळू घ्यावीच लागे. कणसं असोत नसोत, हाताला सवय लागली ती लागलीच.

शेठांनी ओटा दिला म्हणून कौसाबाईने त्यांच्या शेतातल्या धान्यालाही खळ्यावर जागा दिली. शेठ खूश होऊन पहिल्याच दिवशी कणसांच्या गाड्या घेऊन हजर झाले.

"शेठ, तुम्ही नवा शेतस. यंदा शेवट," ती म्हणाली. "पुढला साल पहिला."

कार्तिकात टिपणिसांची बदली झाली. निघण्यापूर्वी ते रनाळ्याला आले. या खेपेला सायकल त्यांनी उताराच्या वरच झाडाला टेकवून ठेवली. खळं नुकतंच सारवलेलं, सकाळच्या उन्हात ओलं चमकत होतं, मेढ नवी, गोल पुरा. रस्त्यावरून मोटार हळूच वळून गेली आणि जामसिंगने हलकासा भोंगा दिला. टिपणिसांचा ऊर भरून आला. ते सरळ खळ्याच्या मधोमध, मेढीपाशी जाऊन उभे राहिले आणि आदल्या रात्रीपासून मनात जुळवलेलं बोलू लागले.

"मावशी, नोकरीत मी पुष्कळ रस्ते आखले. सगळे सरळ. वाकडा हा एकच, आणि खरं सांगतो, अभिमान वाटतो तो याचाच. न्याय म्हणतात तो आपल्या हातून कधीतरी घडला, असं वाटतं. तुम्हाला काय वाटतं?"

कौसाबाईने त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं, आणि नजर पुन्हा खाली आणून म्हणाली, "पहिले बूट काढा."